न घेतलेल्या कॅप्सूल

सगळं सुरू झालं ते गंजापासून.

मी चाकणला एका लहानशा कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला आहे. गाडीच्या इंजिनात बसणाऱ्या पिना आमच्याकडं होतात, बोटाएवढ्या, घासून आरशासारख्या केलेल्या. त्या मोजायच्या हे माझं काम. मायक्रोमीटरमध्ये पिन धरायची, आकडा बघायचा, कागदावर लिहायचा, बरोबर असेल तर ट्रेमध्ये, नसेल तर लाल पेटीत. तर तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमचा एक अख्खा लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. पिनांवर तांबूस डाग होते, आणि भिंगातून बघितलं तर ते डाग बोटांच्या ठशांचे निघाले. घामेजलेला हात लागला की पिनेला दोन दिवसांत गंज धरतो, म्हणून ज्याच्या हाताला घाम येतो त्याला फायनलला बसवतच नाहीत. साहेबांनी टेबलावरच्या आम्हा सगळ्या बायकांना एकेक पिन हातात धरायला लावली आणि कागदात गुंडाळून, नावं घालून ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी एकाच पिनेवर गंज आला होता, माझ्या.

मला पॅकिंगला टाकलं. मला! इतकी वर्षं जिनं कुणाला एक मायक्रॉन सोडला नाही, ती बाई खोक्यांना चिकटपट्ट्या मारत बसली. संताप संताप झाला नुसता. शेजारणी म्हणायच्या, बरंय की, डोळ्यांना आराम. डोंबलाचा आराम.

पाळी जाऊन तेव्हा सात-आठ महिने झाले होते. आधी वाटलं होतं, सुटले बाई. पण मग अंगातून वाफा यायला लागल्या. कानामागून सुरू व्हायचं, मानेवरून खाली उतरायचं, आणि दोन मिनिटांत ब्लाउज पाठीला चिकटलेला. हातमोजे घातले तर तेही ओले. रात्री झोप नाही, दिवसा कुणी काही बोललं की मी अंगावर जायचे. आमच्या ह्यांनी तर माझ्याशी बोलायचंच सोडून दिलं होतं. ताट पुढं आलं की गपगुमान जेवायचे आणि उठायचे.

डॉक्टरकडं मला सुनेनं नेलं. ती तेव्हा नवी होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हिंजवडीतल्या कुठल्याशा कंपनीचं काम ती घरूनच कॉम्प्युटरवर करते. तिनं फोनवरून चिंचवडच्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली, गाडी बाहेर काढली आणि म्हणाली, "मम्मी, बसा." मुलगा शिफ्टला, ह्यांना असल्या गोष्टींची लाज, त्यामुळं आम्ही दोघीच गेलो.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण समजावून सांगायच्या. गाव कुठलं, शेती आहे का विचारलं. शेती कसली, म्हटलं, होती. आता तिथं कंपन्यांची गोडाऊन आहेत. तरी त्यांनी शेतातलंच उदाहरण दिलं. "मावशी, हे जेल म्हणजे खत समजा. रोज दंडाला चोळायचं. वाफा थांबतील, झोप लागेल. पण खत घातलं की गर्भाशयाच्या आतलं अस्तरही वाढायला लागतं. नुसतं वाढतच गेलं तर ते बिघडू शकतं, वेळेला कॅन्सरपर्यंत जाऊ शकतं. म्हणून ही दुसरी, रात्रीची कॅप्सूल. महिन्यातले बारा दिवस. ती वाढ आवरते, आणि ती संपली की वाढलेलं अस्तर पडून जातं. दोन-चार दिवस रक्त जाईल, पाळीसारखं. घाबरायचं नाही. वर्षभरानं आपण औषध बदलू, मग तेही थांबेल. पण तोवर खतही पाहिजे आणि कापणीही. कापणी चुकवायची नाही."

मी मान हलवली. ऐकलंही होतं आणि समजलंही होतं. पुढं मी दोघा-चौघांना सांगितलं की मला तेव्हा नीट कळलंच नव्हतं. ते खोटं आहे.

जेलनं खरंच गुण आला. तीन आठवड्यांत वाफा गेल्या. महिन्याभरानं मी साहेबांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, द्या पिन. त्यांनी दिली, कागदात गुंडाळली. तिसऱ्या दिवशी ती होती तशी चकचकीत निघाली, आणि मी माझ्या टेबलावर परत गेले.

आता घटाचं सांगायला पाहिजे.

आमच्या घराण्यात नवरात्राचा घट ज्या बाईची पाळी गेलीय तिनंच बसवायचा. नऊ दिवस देवापुढं माती, मातीत धान्य, मधोमध पाण्याचा घट, रोज एक माळ, आणि दिवा विझू द्यायचा नाही. धान किती उगवलंय ते बघायला सगळी भावकी येते आणि त्यावर महिनाभर बोलते. पाळीतल्या बाईनं त्या खोलीच्या उंबऱ्याकडं फिरकायचंही नाही. लग्न होऊन आले त्या पहिल्या नवरात्रात मी पाच दिवस गोठ्याच्या पडवीत काढले, म्हशीच्या शेजारी. पुढं जमीन गेली, बंगला झाला, गोठा गेला. बाहेर बसणं तेवढं राहिलं, पडवीऐवजी वरच्या मजल्यावरच्या खोलीत. सव्वीस वर्षं माझ्या जिवाला नवरात्रात घोर असायचा, की आता येते का मग येते.

घट बसवायच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्या वर्षी श्रावणात त्यांनी मला जवळ बोलावलं. "माझं गुडघं काय आता खाली बसू देत न्हाईत. तू बी सुटलीस. यंदापासनं घट तुझा," म्हणाल्या. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! कंपनीनं सुपरवायझर केलं असतं तरी एवढा झाला नसता. सव्वीस वर्षं ज्या दारातून आत डोकवायला बंदी होती, त्या दाराची मालकीण मी होणार होते.

आणि मला दर महिन्याला रक्त जात होतं. कॅप्सूल संपली की तिसऱ्या दिवशी. पहिले दोन-तीन महिने कुणाला कळलं नाही, कारण देवपूजा आत्याबाईच करायच्या आणि मी कामाचं निमित्त काढून लांब राहायचे. भाद्रपदात मी कॅलेंडर काढून हिशेब केला तर रक्त बरोबर चौथ्या माळेला येत होतं. मग मी त्या महिन्याची कॅप्सूल घेतलीच नाही.

आमच्याकडं बायका असं सर्रास करतात. लग्न असो, सत्यनारायण असो, कुलदैवताला जायचं असो, पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून आणतात आणि घेतात, त्यासाठी डॉक्टरला विचारत बसायला कोण जातं? मी तर उलट एक गोळी कमी करत होते. त्यात काय मोठं, असं मला अगदी मनापासून वाटलं. आणि एकाच महिन्याचा तर प्रश्न होता.

घट छान झाला. धान असं तरारून आलं की आत्याबाई स्वतः काठी टेकत येऊन बघून गेल्या. जावा-नणंदा म्हणाल्या, हाताला गुण आहे हिच्या. नऊ दिवस माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

मग दिवाळी आली. दिवाळीत लक्ष्मीपूजन मीच करायचं, असं घट बसवल्यावर आपोआप ठरलं. मग मार्गशीर्षातले गुरुवार, एक सोडून चार. मग चंपाषष्ठी. संक्रांतीचं हळदीकुंकू. मग गावच्या देवाची जत्रा. मग चुलत पुतण्याचं लग्न. मग श्रावण, मग गौरी, मग परत नवरात्र. आमच्या घरात देवाला सुट्टी म्हणून नाही. आत्याबाईंनी रोजची पूजाही माझ्याकडं दिली होती, त्यामुळं मधले दिवससुद्धा मोकळे राहिले नाहीत. पुढच्या महिन्यापासून घेऊ, पुढच्या महिन्यापासून घेऊ, असं म्हणत मी ती कॅप्सूल परत कधीच घेतली नाही. जेल मात्र रोज चोळत होते, कारण ते सोडलं की हाताला घाम. डॉक्टरीणबाईंनी सहा महिन्यांनी बोलावलं होतं, तीही वेळ चुकवली. सुनेनं दोनदा आठवण केली. मी म्हटलं, बरी आहे मी, कशाला उगाच जायचं.

आमचे हे दर महिन्याला निगडीला काही कामानं जायचे, येताना जुन्या चिठ्ठीवर दोन्ही औषधं घेऊन यायचे. पिशवी माझ्या हातात द्यायचे आणि विचारायचे, बरं वाटतंय ना? मी म्हणायचे, हो. कॅप्सूलचं खोकं मी न उघडता कपाटात साड्यांखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकून द्यायचे. फेकून का दिलं नाही कुणास ठाऊक. औषध फेकायला हात होत नाही.

सुनेला आता बाहेर मीच बसवत होते. तिचे दिवस आले की ती लॅपटॉप घेऊन वरच्या खोलीत जायची आणि आम्ही ताट जिन्यात ठेवायचो. तोंड वाकडं न करता जायची. एकदा मी म्हटलंसुद्धा, कंटाळा येत असेल ना गं? ती म्हणाली, "नाही मम्मी, उलट आराम." मला ते खरं वाटलं. माझ्यासारखी म्हशीशेजारी थोडीच बसत होती ती, वरती तर फॅन होता.

दीड वर्ष असं गेलं. मग होळीनंतर, माझ्या टेबलावर बसलेली असताना, मला रक्त गेलं.

थोडंच होतं. मी बाथरूममध्ये जाऊन बघितलं, हात धुतले, येऊन उरलेला ट्रे संपवला. घाबरायला पाहिजे होतं. पण खरं सांगते, मला काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलं. मग आठ दिवस नाही, मग परत. कुणाला सांगायचं तर आधी हे सांगायला लागणार की कॅप्सूल घेतली नाही, आणि का घेतली नाही. आणि आत्याबाईंना रक्ताचं कळलं की पहिल्यांदा पूजा जाणार, मग घट जाणार. मी मूग गिळून बसले. पूजा चालू ठेवली. पहिल्या सकाळी देवघराच्या उंबऱ्यावर पाय अडला, नाही असं नाही. मग आत गेले, दिवा लावला, तो लागला. फुलं वाहिली. काही झालं नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळेला पायही अडेनासा झाला. त्याच आठवड्यात सून वर बसलेली होती आणि मी तिचं ताट जिन्यात ठेवून, हात धुऊन देवापुढं बसत होते.

पॅड मी तिच्याच कपाटातून घ्यायचे. गावातल्या दुकानात मागायची सोय नव्हती, दुकानदार भावकीतला. आषाढात एका दुपारी ती माझ्या खोलीत आली, दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मम्मी, माझ्या कपाटातलं कमी होतंय. तुम्हाला ब्लीडिंग होतंय का?"

मी म्हटलं, "थोडं थोडं."

"कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि मला चिंचवडला घेऊन गेली.

आधी सोनोग्राफी झाली. स्क्रीनवर मला काही कळत नव्हतं, पण बाजूला आकडा आला तो वाचता आला. एकोणीस मिलीमीटर. मी विचारलं, किती पाहिजे? सोनोग्राफी करणाऱ्या बाई म्हणाल्या, डॉक्टर सांगतील. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पाळी गेलेल्या बाईचं अस्तर चार-पाचच्या आत असतं, औषध चालू असेल तर थोडं जास्त, पण हे खूपच आहे. चष्मा काढून त्यांनी मला विचारलं, "मावशी, कॅप्सूल नियमित घेता ना?"

शेजारच्या खुर्चीत सून बसली होती.

"घेते," मी म्हटलं.

"दर महिन्याला? चुकली नाही?"

"नाही चुकली."

त्यांचा चेहरा पडला. पुढचे शब्द त्या जपून बोलत होत्या ते मला दिसत होतं. कॅप्सूल चालू असूनही एवढी वाढ झाली असेल तर ते चांगलं लक्षण नाही, म्हणाल्या. अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. थोडी भूल देऊन, दुपारी घरी. सुनेनं माझा हात धरला. तिचा हात थंड पडला होता, माझा कोरडा होता.

तुकडा काढला. रिपोर्टला आठ दिवस लागतील म्हणाले. ते आठ दिवस घरातले सगळे माझ्याशी आजाऱ्यासारखे वागत होते. मुलगा शिफ्टवरून आला की आधी माझ्या खोलीत यायचा आणि उगाच कंपनीतल्या गोष्टी सांगत बसायचा. आमच्या ह्यांनी एका संध्याकाळी स्वतःहून टीव्ही बंद केला. मी मात्र नेहमीसारखी कामावर जात होते, बस पकडत होते, पिना मोजत होते. कॅन्सर हा शब्द मी मनात दोन-तीनदा म्हणून बघितला. दुसऱ्या कुणाच्या तरी घरचा वाटायचा.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. अस्तर जाड झालं होतं, पण पेशी अजून बिघडलेल्या नव्हत्या. सून डॉक्टरांसमोरच रडायला लागली. मी तिला पाण्याची बाटली दिली.

"पण," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एरवी अशी वाढ आम्ही औषधानंच आवरतो, तीच कॅप्सूल रोज देऊन. तुमच्या बाबतीत ती चालू असताना हे झालंय. म्हणजे तुमचं शरीर तिला दादच देत नाहीये. मग औषधावर विसंबणं मला बरोबर वाटत नाही. गर्भाशय काढून टाकलेलं बरं."

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही होतं. पण सून माझ्याकडं बघत होती, डोळे लाल, नाक पुसत, आणि मी म्हटलं, "काढून टाका."

घरी आत्याबाईंना त्याचं काही वाटलं नाही. "काढून टाक बये. माझ्या दोन्ही लेकींची पिशवी काढलीया, धाकल्या जावंची बी. काय अडलंय त्यांचं?" म्हणाल्या. मग बोटांवर दिवस मोजून त्यांनीच ठरवलं: गौरी गेल्या की लगेच, पितृपक्षाच्या आधी. "घटापत्तुर उठून बसशील." मी हिशेब केला तर खरंच बसत होता. आणि मनात आलं ते सांगून टाकते. मनात आलं, काढली की रक्ताची भानगडच संपली. घट कायमचा माझा. कुणाला काही सांगायला नको. चांगलं धडधाकट होऊ शकणारं शरीर मी एका खोट्यापायी कापायला देणार होते आणि मला त्यात फायदा दिसत होता. अशी मी झाले होते.

ऑपरेशनला तीन दिवस राहिले असताना कंपनीत एक भानगड झाली. माझ्या शेजारच्या टेबलावर कंत्राटावरची एक नवी मुलगी होती. मी तिचा कागद हातात घेतला तर सगळे आकडे एकसारखे, सुबक, एका ओळीत. ट्रेमधल्या पिनांवरचं तेल पुसलेलंसुद्धा नव्हतं. म्हणजे हिनं पिन न मोजताच आकडे भरले होते. मी तिला अशी झाडली, अशी झाडली की पलीकडच्या लाइनची माणसं बघायला लागली. "न मोजता आकडा लिहितेस? या आकड्यावर पुढचा माणूस निर्णय घेतो! चांगली पिन भंगारात जाईल नाहीतर वाईट पिन गाडीत जाईल, तुला काय त्याचं!" पोरगी रडकुंडीला आली. हात जोडून म्हणाली, "मॅडम, चुकलं."

मी माझ्या जागेवर येऊन बसले. माझ्या डोक्यात काही लख्ख प्रकाश वगैरे पडला नाही. चहा आला, तो प्यायले. मायक्रोमीटर पुसला. फक्त हात कामाला लागेना. एवढ्या वर्षांत मी एक खोटा आकडा लिहिला नव्हता, हे मी सगळ्यांना ऐकवत असते. आणि डॉक्टरीणबाई माझ्या आकड्यावर निर्णय घेऊन बसल्या होत्या. स्वतःची इतकी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनआधीच्या तपासण्यांसाठी चिंचवडला जायचं होतं. मी कपाटातला पत्र्याचा डबा कापडी पिशवीत घालून बरोबर घेतला. सुनेनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, दाखवायचंय. ती गाडी चालवत होती, मी डबा मांडीवर धरून बसले होते. निगडीच्या चौकात लाल सिग्नल लागला तेव्हा दार उघडून उतरून जावं असं एकदा वाटलं. मग सिग्नल हिरवा झाला.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मी डबा ठेवला आणि झाकण काढलं. आत खोकीच खोकी. बावीस होती. त्यांनी एक उचललं, उघडं आहे का बघितलं, दुसरं उचललं.

"या मी घेतल्या नाहीत," मी म्हटलं. "एकही नाही. जेल रोज लावलं. रक्त होळीपासून जातंय."

त्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. मग आवाज चढला. "मावशी, मी तुम्हाला परवा टेबलावर घेणार होते! का नाही घेतल्या?"

"घट असतो आमच्याकडं. रक्त गेलेलं चालत नाही."

"दोन वर्षं रोज घट असतो?"

मी म्हटलं, "चुकलं." तसंच, हात जोडून.

त्या रागावल्या ते रागावल्याच, पण हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरत गेलेला मला दिसला. ऑपरेशन रद्द केलं. जेल बंद. तीच कॅप्सूल आता जास्त ताकदीची, रोज, एकही दिवस न चुकवता, आणि सहा महिन्यांनी परत तुकडा काढून बघायचा. मधे कधीही रक्त जाईल, म्हणाल्या, नवरात्रातही जाईल, चालेल का? मी म्हटलं, चालेल. इथंच सांगून टाकते, की सहा महिन्यांनी अस्तर पाचवर आलं होतं आणि पेशी चांगल्या होत्या. हाताला परत घाम यायला लागला. मी पॅकिंगला आहे. त्याचं आता तेवढं काही वाटत नाही.

सून उठली. फाइल उचलली, डबा उचलला, गाडीत येऊन बसली. मी वाट बघत होते की आता बोलेल, मग बोलेल. बोलायला तिला हक्क होता. ती गिअर बदलत होती, आरशात बघत होती. चाकणच्या रस्त्याला लागलो आणि कंटेनरच्या रांगेत अडकलो. पाच मिनिटं काही हललं नाही तेव्हा तिनं इंजिन बंद केलं.

"होळीपासून पूजा तुम्हीच करत होता ना?" तिनं विचारलं.

"हो."

"ब्लीडिंग होत असताना."

"हो."

"आणि मी वर बसत होते."

"हो," मी म्हटलं.

ती समोरच्या कंटेनरच्या दाराकडं बघत होती. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. "मम्मी, तुमच्या पहिल्या घटात माझी आजी गेली. मी वर होते. फोन आला तशी मी खाली पळत आले, अर्ध्या जिन्यापर्यंत. मला कुणाच्या तरी जवळ यायचं होतं. तुम्ही खालून हात करून मला थांबवलंत. म्हणालात, घट बसलेत, खाली येऊ नकोस, आणि घरात रडायचं नाही, रडायचं असेल तर गच्चीवर जा. मग मी गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीमागं बसले. तुम्ही खाली आरती करत होता ती ऐकू येत होती."

मी आठवायचा प्रयत्न केला. तिची आजी गेली ते आठवत होतं. पाचवी माळ होती, धान दोन बोटं वर आलं होतं, त्या दिवशी झेंडू मिळाला नव्हता म्हणून तिळाच्या फुलांची माळ केली होती, हे सगळं आठवत होतं. जिन्यात उभी असलेली ती काही केल्या आठवेना. मी किती वेळ शोधत राहिले.

"असं म्हणाले असेन मी," मी म्हटलं.

"म्हणालात," ती म्हणाली. पुढचा कंटेनर हलला होता आणि मागचे हॉर्न वाजवत होते. तिनं गाडी चालू केली.